लेकीने लिहिलेलं आमच्या घराचं रजिस्टर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लॉकडाउनमधल्या मुलांवर लेख आला होता, मोबाईलचं व्यसन, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं, माणसांत न मिसळणं असं सगळं त्यात होतं आणि शेवटी पालकांनी मुलांना वेळ द्यावा, घरातलं वातावरण हसतं-खेळतं ठेवावं असा सल्ला होता. लेख मनापासून लिहिलेला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाचून पेपर घडी घालून ठेवला तरी ते "हसतं-खेळतं वातावरण" काही केल्या डोक्यातून जाईना. २०२० मध्ये आमच्या घरात ते कुठून आणायचं होतं हे मला कोणीतरी सांगावं असं फार वाटलं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी पिंपरी-चिंचवडला अंगणवाडी सेविका आहे, सतरा वर्षं झाली. आमचे मिस्टर शाळेची व्हॅन चालवतात. सकाळ-दुपार दोन्ही ट्रिपा मिळून २२ मुलं होती, महिन्याला प्रत्येकाचे हजार रुपये, त्यातून डिझेल, मेंटेनन्स आणि गाडीचा हप्ता. माझं मानधन तेव्हा साडेआठ हजारांच्या आसपास. म्हणजे घर व्हॅनवरच चालायचं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या दिवशी मिस्टरांनी गाडी धुऊन, कव्हर घालून सोसायटीच्या भिंतीला लावली आणि म्हणाले, पंधरा दिवसांची सुट्टी समजू. नंतर २५ मार्चपासून देशभर लॉकडाउन लागला. मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि धाकटा चार वर्षांचा.

ज्यांचं काम शाळेवर चालतं त्यांच्या लॉकडाउनबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही असं मला वाटतं. दुकानं उघडली, कंपन्या सुरू झाल्या, रिक्षा धावायला लागल्या, मे महिन्यात दारूची दुकानंसुद्धा उघडली, पण शाळा बंदच होत्या. शहरात पहिली ते सातवीचे वर्ग उघडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला आणि जानेवारीत ओमिक्रॉनमुळे परत बंद झाले. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्याला आधी तीन महिने, मग अजून तीन महिने अशी सवलत दिली, ती ३१ ऑगस्ट २०२० ला संपली. सवलत सहा महिन्यांची आणि आमचा धंदा बंद पावणेदोन वर्षं. व्याज तर त्या सहा महिन्यांतही चालूच होतं. १ सप्टेंबरपासून फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले. दिवसातून सहा वेळा, सात वेळा, वेगवेगळ्या नंबरवरून, कधी पोरगी बोलायची तर कधी पुरुष, आणि पुरुष असला की भाषा बदललेली असायची.

आणि बरोब्बर त्याच महिन्यात, १५ सप्टेंबरपासून, "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" सुरू झालं. आम्ही सेविका, आशाताई आणि एखादा स्वयंसेवक अशी टीम, हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर, दारोदार फिरायचं, प्रत्येकाचा ताप बघायचा, ऑक्सिजन बघायचा, बीपी-शुगर आहे का विचारायचं, लिहून घ्यायचं. कोणी पाणी विचारायचं, कोणी दार आपटायचं. संध्याकाळी घरी आले की दारातच कपडे बदलून आंघोळीला पळायचं, धाकटा "आई आई" करत यायचा आणि मी लांबूनच त्याच्यावर ओरडायचे, जवळ येऊ नको म्हणून. आंघोळ करून बाहेर येईपर्यंत तो रडून झोपलेला असायचा. हे असं कित्येक दिवस चाललं.

घरात मारहाण नव्हती, दारू नव्हती, शिव्यासुद्धा नव्हत्या, हे मुद्दाम सांगते कारण मुलांच्या मनावर परिणाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तसलीच घरं येतात. आमचं घर साधं होतं. फक्त फोन वाजला की मिस्टर गॅलरीत जायचे, आत आले की गप्प असायचे, आणि मग अर्ध्या तासाने धाकट्याच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला की त्याच्यावर असे ओरडायचे की तो थिजून उभा राहायचा. आणि मी मिस्टरांना काही बोलता येत नाही म्हणून भांडी आपटायचे. वड्याचं तेल वांग्यावर निघतं म्हणतात, आमच्या घरात ते रोज निघत होतं आणि वांगी कोण तर ही दोन लेकरं.

ऑक्टोबरमध्ये मुलीचं पोट दुखायला लागलं. सकाळी ऑनलाइन क्लासच्या वेळेला दुखायचं, नंतर रात्रीही. मी अंगणवाडीतली बाई, जंताची गोळी दिली, ओवा दिला, बाहेरचं बंद केलं. मग डॉक्टरकडे नेलं, लघवी-रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, घरात काय चाललंय? मी म्हटलं काही नाही, सगळं व्यवस्थित आहे. ते म्हणाले, मी तिच्याबद्दल नाही विचारत, तुमच्याबद्दल विचारतोय, तुम्ही झोपता का? मला तिथेच रडू फुटलं. सहा महिन्यांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मी मात्र रोज पन्नास घरांत जाऊन ताप किती, ऑक्सिजन किती विचारत होते.

त्यानंतर दिवाळीची आवराआवर करताना मला तिची परिसर अभ्यासाची वही सापडली. मागची दहा-बारा पानं तिने पट्टीने रेघा मारून आखली होती, अगदी मी अंगणवाडीचं रजिस्टर आखते तशी. वर रकाने होते : तारीख, फोन, पप्पा, आई, बाळ. फोनच्या रकान्यात आकडे, ४, ६, ५, ७. पप्पांच्या रकान्यात "बरे", "गप्प", "ओरडले". आईच्या रकान्यात "रडली", "भांडी". भांडी म्हणजे त्या दिवशी मी भांडी आपटली होती. बाळाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी लिहिलं होतं, "मी झोपवलं". आणि शेवटी प्रत्येक दिवसाला स्केचपेनने रंग दिला होता, हिरवा, पिवळा, लाल. आमच्याकडे मुलांच्या वजनाच्या तक्त्यात असे रंग असतात, साधारण श्रेणीतलं मूल हिरव्यात, कमी वजनाचं पिवळ्यात, तीव्र कमी वजनाचं नारिंगी-लालमध्ये. ती लहानपणापासून माझ्या शेजारी बसून ते तक्ते बघत आलेली. तिने आमची वजनं घेतली होती. ऑक्टोबरच्या पानावर हिरवे दिवस चार होते.

तिचा स्वतःचा रकाना त्यात नव्हता.

मी ती वही मिस्टरांना दिली. ते ती घेऊन खाली गेले आणि गाडीवरचं कव्हर अर्धं काढून आत ड्रायव्हर सीटवर बसून राहिले, दीड तास. वर आल्यावर त्यांनी मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं, तुला काय वाटतं हे फोन कशाचे येतात? ती म्हणाली, माझ्या रिचार्जचे. तिच्या ऑनलाइन क्लाससाठी आम्ही महिन्याचा डेटा पॅक मारायचो, त्यावरून एकदा घरात बोलणं झालं होतं, बस, तेवढंच तिने ऐकलेलं. म्हणून ती क्लासच्या वेळेला पोट दुखतंय म्हणायची. खोटं नाही हो, खरंच दुखायचं तिचं. आठ वर्षांच्या पोरीने हिशोब लावला होता की मी क्लासला बसले नाही तर पैसे वाचतील, पैसे वाचले तर फोन येणार नाहीत, फोन आले नाहीत तर पप्पा बरे राहतील.

संपादक महाराज, त्या काळात बाहेरून कोणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं, मुलीला ऑनलाइन शिक्षणाचा कंटाळा आलाय, लक्ष लागत नाही, कारणं सांगते. आमच्या शाळेच्या ग्रुपवर बाईंनी तसंच लिहिलं होतं, "अनियमित". बाईंचा दोष नाही, त्यांना मोबाईलच्या स्क्रीनवर चाळीस चौकोन दिसत होते.

माझी भाची सायकॉलॉजी शिकते, तिने मला नंतर सांगितलं की अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातल्या फिलिप फिशर नावाच्या संशोधकांनी एप्रिल २०२० पासून लहान मुलांच्या घरांचा सर्व्हे सुरू केला होता, एकदा करून सोडून दिलेला नाही तर त्याच घरांना पुन्हा पुन्हा विचारायचं, आत्ता जेवणाखाण्याला, भाड्याला पैसे पुरतात का, तुम्ही कसे आहात, मूल कसं आहे. त्यात क्रम स्पष्ट दिसला. आधी घरात पैशाची ओढाताण, मग आईबापाची मनस्थिती बिघडते, आणि त्याच्या मागोमाग मुलांचं रडणं, घाबरणं, हट्ट वाढतो. एका मागे एक, साखळीसारखं. आणि हे काही आजच कळलेलं नाही, १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी आली तेव्हाच्या ओकलंडमधल्या मुलांचा अभ्यास ग्लेन एल्डर यांनी केला होता, त्यातही हेच, की घरातलं उत्पन्न गेलं त्याचा घाव मुलांवर थेट बसण्यापेक्षा बापाच्या चिडण्यातून, आईबापाच्या भांडणातून जास्त बसला. हे ऐकून मला बरं वाटलं आणि रागही आला. बरं यासाठी की आम्ही काही जगावेगळे वाईट आईबाप नव्हतो. राग यासाठी की हे इतकं माहीत असूनसुद्धा आम्हाला मिळालेला सल्ला काय, तर पॉझिटिव्ह राहा, मुलांसोबत कॅरम खेळा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

गृहभेटीतलं अजून एक घर सांगते, नाव-गाव काही देत नाही. नवरा भोसरी एमआयडीसीत ठेकेदारीवर होता, काम सुटलेलं, बायको घरात, मूल दीड वर्षाचं. मी गेले तेव्हा ती पलंगाला टेकून बसली होती, टीव्हीवर आकडे चालू, आज इतके रुग्ण, आज इतके मृत्यू. मूल तिच्या मांडीवर उभं राहून तिच्या गालावर छोट्या हाताने थापट्या मारत होतं, तोंड आपल्याकडे वळवायला. तिने वळवलं पण नजर तशीच, कोरी. मग त्याने आपली बाटली तिला दाखवली, मग खोटंखोटं खोकून दाखवलं, मग जोरात ओरडलं आणि शेवटी सगळं सोडून भिंतीकडे तोंड करून फरशीवर बसलं. मी तिथे उभी राहून हे सगळं बघितलं आणि माझ्या फॉर्ममध्ये लिहिलं, ताप नाही, ऑक्सिजन ९८.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हाच प्रयोग मुद्दाम करून बघितला होता, आईने दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा आणि बाळ काय करतं ते बघायचं. बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, मग कासावीस होतं, आणि मग मान फिरवतं. तो व्हिडिओ भाचीने दाखवला तेव्हा मी पुढे बघू शकले नाही. प्रयोगातली आई दोन-तीन मिनिटांनी परत हसते. आमच्या वस्तीत महिनोन् महिने कित्येक आयांचा चेहरा तसाच राहिला आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेबद्दल मी जास्त लिहीत नाही, एप्रिल महिना आठवला की हात थांबतो. ज्या मुलांचे आईवडील दोघंही कोरोनात गेले त्यांच्या नावावर राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली, ते योग्यच झालं आणि अजून व्हायला हवं होतं. पण ज्यांचे आईबाप जिवंत होते, घरातच होते, फक्त आतून संपत आले होते, त्या मुलांची मोजणी कुठल्याच रजिस्टरमध्ये झाली नाही. ते रजिस्टर भरणारी मी स्वतः होते, म्हणून सांगते. आमच्याकडे मुलाचं वजन, उंची, दंडाचा घेर, लसीकरण सगळ्याला रकाना आहे. आई झोपते का, बापाला काम आहे का, याला रकाना नाही.

आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगते. काही चमत्कार झाला नाही. डिसेंबरमध्ये मिस्टरांनी व्हॅनमधल्या मागच्या सीटा काढल्या आणि मार्केट यार्डातून भाजी आणून सोसायट्यांच्या गेटवर विकायला लागले. पहिले आठ दिवस त्यांना ओरडता येईना, ज्या घरातल्या मुलांना शाळेत सोडायचे त्याच घराखाली "मेथी घ्या, फ्लॉवर घ्या" म्हणायला जीभ वळेना. पण व्हॅनमधली मुलंच गॅलरीतून "काका आले, काका आले" करून ओरडायला लागली आणि त्यांच्या आया खाली येऊ लागल्या. पैसे आधीच्या निम्मे पण नव्हते. हप्ता थोडा थोडा करून भरत गेलो, फोन सातावरून दोनावर आले. आणि मुलीला आम्ही दोघांनी समोर बसवून सांगितलं, गाडीचं कर्ज आहे, इतकं आहे, ते फेडायची जबाबदारी आमची, तुझ्या रिचार्जचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि बाळाला झोपवायचं कामही तुझं नाही. मला आधी भीती होती की एवढ्या लहान पोरीला कर्जाचं कशाला सांगायचं, पण तिला अर्धवट माहीत होतंच, आणि अर्धवटाची भीती तिने मनाने पूर्ण करून ठेवली होती. पोटदुखी एकदम गेली नाही. कमी होत होत उन्हाळ्यापर्यंत गेली.

माझं म्हणणं इतकंच आहे की भाजीच्या धंद्याने माझ्या मुलीचं पोट बरं केलं, आणि हे मी शब्दशः म्हणते. मुलांचं मानसिक आरोग्य म्हटलं की लगेच समुपदेशक, वर्कशॉप, मुलांसाठी अॅक्टिव्हिटी असं डोळ्यासमोर येतं, ते पाहिजेच, नको कोण म्हणतंय. पण पुन्हा अशी साथ आली, आणि ती येणार नाही असं कोणी सांगू शकत नाही, तर ज्याचा धंदा सरकारी आदेशाने बंद आहे त्याचा हप्ता तो धंदा उघडेपर्यंत थांबला पाहिजे, सरसकट सहा महिने म्हणून नाही. शाळेची व्हॅन, शाळेचं कॅन्टीन, दप्तरं-गणवेश शिवणारे, क्लासवाले, या सगळ्यांच्या घरी मुलं आहेत. वसुलीचा फोन लावणाऱ्याला वाटतं की तो कर्जदाराशी बोलतोय, पण वन रूम किचनमध्ये तो फोन सगळं घर ऐकतं.

आणि दुसरं, शाळेतल्या बाई-सरांना हात जोडून विनंती, पालक सभेत मुलाच्या तक्रारी सांगायच्या आधी एकदा आईला विचारा, तुम्ही कशा आहात? बापाला विचारा, काम चालू आहे का? बाप तर सभेला येतच नाहीत म्हणतील, पण त्यांना आत्तापर्यंत सह्या करायलाच बोलावलंय, विचारायला कोणी बोलावलंय? मी आता माझ्या अंगणवाडीच्या पालक मेळाव्यात हेच करते. पहिल्या वेळेला सगळ्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मग मी माझ्या मुलीच्या वहीचं सांगितलं आणि हसणं थांबलं. त्या दिवशी मेळावा दुपारी साडेतीनपर्यंत चालला, मदतनीस ताईंनी तीनदा चहा टाकला.

एक विनंती तुम्हालाही. टेलिमानस म्हणून केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आम्हाला २०२० मध्ये ती नव्हती. आता आहे पण माझ्या वस्तीत विचारलं तर दहातल्या एकीलाही तो नंबर माहीत नसतो, मुलांसाठीचा १०९८ तरी काहींना माहीत असतो. तुमच्या पुरवणीत मुलांच्या मनावर जेव्हा जेव्हा लेख छापाल तेव्हा खाली चौकटीत १४४१६ छापा, आणि "मुलांसाठी" असं न लिहिता "आईबाबांनी स्वतःसाठी फोन करा" असं लिहा. म्हणजे वाचणारीला वाटणार नाही की आपलं मूल बिघडलंय म्हणून हा नंबर.

माझं नाव छापू नका. मुलगी आता नववीत आहे, तिच्या मैत्रिणींच्या घरी तुमचा पेपर येतो. हे पत्र पाठवायच्या आधी मी तिला वाचून दाखवलं, तिची परवानगी घेतली. तिने एकच दुरुस्ती सांगितली, ऑक्टोबरमध्ये हिरवे दिवस चार नव्हते, पाच होते. वही काढून बघितली. पाचच आहेत, एकाचा रंग उडालाय.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
पिंपरी-चिंचवड